फरशीखालच्या गरम पाण्यासाठी पंप केवढा घ्यावा?

“किती एचपीची टाकू?”

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदार काकांनी फोनवर विचारलेला हा पहिला प्रश्न. मळ्यात नवा बंगला बांधून होत आला होता. खालच्या तीन खोल्यांत फरशी बसवण्याआधी कोब्यात गरम पाण्याचे पाइप टाकून घ्यायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. कारण घरातल्या आजी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाचच्या आसपास उतरला अशी बातमी आली, की तो आठवडा त्यांचे गुडघे आखडलेले असतात आणि सकाळी पाय फरशीला टेकवत नाहीत. पाइपवाला ठरला होता, फरशीवाला ठरला होता, राहिली होती मोटर.

काकांनी आयुष्यभर विहिरीवर, बोअरवर, शेततळ्यावर मोटरी बसवल्या आहेत. त्यामुळे मोटर म्हटली की एचपी आणि किती फूट पाणी चढवते, हे दोनच प्रश्न त्यांच्या मनात येणार. आपल्या भागात सगळ्यांचंच तसं आहे. पण फरशीखालचं पाणी फिरवणाऱ्या पंपाला हे दोन्ही प्रश्न लागू पडत नाहीत. तिथेच बहुतेकांची निवड चुकते, आणि ती नेहमी एकाच बाजूला चुकते: पंप गरजेपेक्षा कितीतरी मोठा घेतला जातो.

आधी रचना थोडक्यात. हीट पंपातून, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या यंत्रातून, किंवा दुसऱ्या कशातून ३५ ते ४० अंशांचं पाणी निघतं. ते भिंतीत बसवलेल्या मॅनिफोल्डला येतं, म्हणजे एका जाड नळीला, जिला ओळीने तोट्या असतात. प्रत्येक तोटीतून एक बारीक पाइप निघतो, कोब्यातून वेटोळी घेतो आणि थंड होऊन दुसऱ्या नळीत परततो. तिथून पाणी पुन्हा गरम व्हायला जातं. पाणी तेच, वाट तीच, फेऱ्या अखंड. कुठेही उघडी टाकी नाही, कुठेही नळ उघडा नाही.

हे ‘कुठेही उघडं नाही’ फार महत्त्वाचं आहे. विहिरीवरची मोटर पाणी खालून उचलून वर नेते आणि वर सोडून देते. प्रत्येक लिटरचं वजन तिला पेलावं लागतं. बंद वाटेत तसं नसतं. नवरात्रात नाशिकच्या कालिका यात्रेतला मोठा पाळणा आठवा. एका बाजूने माणसं वर चढत असतात तेव्हा दुसऱ्या बाजूने तितकीच खाली येत असतात. दोन्ही बाजूंचं वजन एकमेकांना तोलून धरतं, म्हणून पाळणा फिरवायला फक्त दांड्याच्या घर्षणापुरतं बळ लागतं. पाइप पाण्याने पूर्ण भरलेला असेल तर इथेही हेच घडतं. वर जाणाऱ्या पाण्याला खाली येणारं पाणी ओढून घेतं. खोली तळमजल्यावर असो की तिसऱ्या मजल्यावर, पंपाला उंची जाणवतच नाही. त्याला जाणवतं ते फक्त घर्षण.

म्हणजे दोनच आकडे काढायचे. तासाला किती लिटर पाणी फिरायला हवं, आणि तेवढं फिरताना पाइपात किती घर्षण होतं.

पहिला आकडा उष्णतेतून निघतो. काकांच्या तीन खोल्या मिळून साडेसहाशे चौरस फूट, म्हणजे साधारण ६० चौरस मीटर. खोली २२ अंशांवर ठेवायची आणि फरशी २७ अंशांवर, तर एक चौरस मीटर फरशी खोलीला जवळपास ५० वॅट उष्णता देते. (युरोपातल्या मानकांत राहत्या जागेच्या फरशीची कमाल मर्यादा २९ अंश आहे. त्यापुढे तळव्यांना बरं वाटत नाही.) ६० गुणिले ५०, झाले ३,००० वॅट. युरोपातल्या बर्फाळ गावांत याच्या दीडपट-दुप्पट धरावं लागतं. आपल्याकडे दरवाजे-खिडक्यांच्या फटी बुजवल्या तर एवढं पुरतं.

आता ही उष्णता पाण्याने वाहून आणायची. एक लिटर पाणी एक अंशाने थंड झालं की १.१६ वॅट-तास उष्णता सोडतं. जाताना ४० आणि परतताना ३५ अंश, असा पाच अंशांचा फरक धरला तर हिशोब असा: ३,००० भागिले १.१६, भागिले ५. उत्तर तासाला सुमारे ५१५ लिटर. मिनिटाला साडेआठ लिटर. बादली भरायला दोन मिनिटं लागतील, इतकीच ही धार.

फरक पाचऐवजी दहा अंशांचा ठेवला तर निम्म्या पाण्यात काम भागतं. मग तसंच का करू नये? कारण अनवाणी चालताना वेटोळ्याची सुरुवात आणि शेवट यातला फरक तळव्याला कळतो. पाच ते सात अंश ठीक. पाइप चकलीसारखा आत वळवत नेऊन त्याच्याच शेजारून बाहेर आणला, तर गरम आणि कोमट पाइप शेजारी-शेजारी येतात आणि फरशी सगळीकडे सारखी लागते. मी तरी नागमोडीपेक्षा चकलीच पसंत करतो.

दुसरा आकडा घर्षणाचा. इथे काका पहिल्यांदा दचकले. १५ सेंटिमीटर अंतराने पाइप टाकला तर चौरस मीटरला जवळपास पावणेसात मीटर लागतो. ६० चौरस मीटरला ४०० मीटर. बाहेरून १६ मिलिमीटर आणि आतून जेमतेम १२ मिलिमीटरचा पाइप, तोही ४०० मीटर! “एवढ्या बारक्या नळीतून एवढं लांब पाणी ढकलायला मोठीच मोटर लागणार,” असं ते म्हणाले.

मग मी त्यांना त्यांच्याच बागेतलं ठिबक दाखवलं. एकरभर बागेत लॅटरलची, म्हणजे ओळीओळीने टाकलेल्या बारीक नळ्यांची, एकूण लांबी मोजली तर दीड हजार मीटर सहज भरते. पण कोणी दीड हजार मीटरचं घर्षण धरून मोटर घेत नाही. सबमेन या जाड नळीतून सगळ्या लॅटरल एकाच वेळी, शेजारी-शेजारी निघतात. पाण्याचा प्रत्येक थेंब त्यातल्या एकाच लॅटरलमधून जातो. म्हणून हिशोबात येते ती सर्वांत लांब एक ओळ. मॅनिफोल्ड म्हणजे सबमेनच आणि वेटोळी म्हणजे लॅटरल. ४०० मीटरची ८०-८० मीटरची पाच वेटोळी केली, की प्रत्येकातून तासाला १०३ लिटर पाणी जाईल, आणि घर्षण मोजायचं ते फक्त ८० मीटरचं. ते निघतं पाण्याच्या जेमतेम पाऊण ते एक मीटर उंचीइतकं. मॅनिफोल्डवरचे व्हॉल्व्ह, गाळणी, हीट पंपापर्यंतचा मुख्य पाइप यांचं मिळून आणखी एक मीटर धरा. सगळं दोन मीटरच्या आत बसतं.

म्हणून वेटोळं लांब होऊ द्यायचं नाही, हे पाइप टाकतानाच ठरवावं लागतं. १६ मिलिमीटरच्या पाइपात ८० ते १०० मीटर ही हद्द. “गुंडाळी १२० मीटरची आहे, तोडायची कशाला,” असं म्हणून कोणी एकच लांब वेटोळं घातलं, तर ते कोब्याखाली कायमचं गाडलं जातं आणि त्याची किंमत पंप वर्षानुवर्षं मोजत राहतो. पाइपवाल्यावर लक्ष ठेवायचं ते इथेच.

तर आपल्याला हवा आहे तासाला ५१५ लिटर पाणी दोन मीटर घर्षणाविरुद्ध फिरवणारा पंप. याला प्रत्यक्षात बळ किती लागतं? हिशोब केला तर पाण्याला द्यायची शक्ती येते २.८ वॅट. हो, तीन वॅटही नाही. पंपाचं आणि त्याच्या मोटरचं स्वतःचं नुकसान धरून मीटरवर दहा-बारा वॅट दिसतील. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. काकांच्या तोंडी सहज येणारा ‘अर्धा एचपी’ ३७३ वॅटचा, म्हणजे पाण्याला हव्या त्या शक्तीच्या सव्वाशे पटीहून जास्त.

“मग मोठा घेतला तर बिघडलं कुठे? जास्त गरम होईल,” हा त्यापुढचा प्रश्न. हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. नाशिकला कॉलेज रोडच्या एका बंगल्यात तक्रार होती, की रात्री झोपायच्या खोलीत भिंतीतून शिट्टीसारखा आवाज येतो. मॅनिफोल्डचं झाकण उघडलं. जाणाऱ्या नळीवरचा काटा ४२ अंशांवर, परतीचा ४० वर. पाणी नुसतं पळत होतं. दुकानदाराने बाथरूमचा दाब वाढवणारा अर्ध्या एचपीचा पंप लावून दिला होता. अरुंद व्हॉल्व्हमधून पाणी जोरात घुसलं की ते असंच ओरडतं. आणि फरशी? पाहिजे तेवढीच गरम होती. कारण फरशी खोलीला किती उष्णता देणार, हे फरशीच्या आणि हवेच्या तापमानावर ठरतं. खालून पाणी किती घाईने गेलं यावर नाही. पाणी अडीचपट धावलं की ते पाचऐवजी दोन अंशांनी थंड होतं, इतकंच. बिलात मात्र दिवसाला नऊ-दहा युनिटं त्या पंपाचीच होती. छोट्या पंपाला दिवसभरात पाव युनिटापेक्षा थोडी जास्त वीज लागली असती. पंप बदलला आणि त्या रात्री शिट्टी थांबली.

यामागचा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याच पाइपातून दुप्पट पाणी न्यायचं तर घर्षण ठोकळमानाने चौपट होतं आणि लागणारी शक्ती आठपट. उलटंही खरं. पाणी थोडं कमी केलं की विजेत मोठी बचत होते. म्हणून शंका असेल तिथे लहान पंपाकडे झुकावं.

आता बाजारात जाऊ. खोक्यावर २५-६० किंवा २५/६ असं लिहिलेलं दिसेल. पहिला आकडा पंपाच्या तोंडाचा, २५ मिलिमीटर. दुसरा जास्तीत जास्त हेडचा, म्हणजे पंप किती मीटर घर्षणाविरुद्ध पाणी ढकलू शकतो त्याचा: ६० डेसिमीटर म्हणजे ६ मीटर. पुढे १८० असेल तर ती पंपाची एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंतची लांबी, मिलिमीटरमध्ये. ती आधी पाहावी, नाहीतर जुन्या जागी नवा पंप बसत नाही.

खोक्यावर ‘कमाल फ्लो ३,००० लिटर, कमाल हेड ६ मीटर’ असं असलं तरी हे दोन्ही एकाच वेळी मिळत नाही. ६ मीटर हेड मिळतं तेव्हा पाणी शून्य असतं, आणि ३,००० लिटर मिळतात तेव्हा हेड शून्य. खरी गोष्ट माहितीपत्रकातल्या आलेखात असते. आडवी रेघ पाण्याची, उभी हेडची, आणि डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी वक्र रेषा पंपाची. त्यावर पेन्सिलने आपला ठिपका द्यायचा: आडवं ५१५ लिटर, उभं दोन मीटर. ठिपका पंपाच्या रेषेवर किंवा तिच्या थोडा खाली, आणि आडव्या रेघेच्या मधल्या भागाच्या जवळपास यायला हवा. काकांच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही असा ठिपका दिला तेव्हा तो ४ मीटर हेडच्या पंपात आरामात बसला. ६ मीटरचा घेतला तर तोही चालतो, पण वेग उतरवून. दुकानात कधीकधी ६ मीटरचाच मिळतो, तेव्हा अडून बसू नये.

वेग उतरवायची सोय दोन प्रकारची असते. जुन्या पद्धतीच्या पंपाला तीन खाचांचं बटण असतं. तो गरज असो वा नसो, ठरलेल्या वेगाने फिरत राहतो. नव्या पंपात कायम चुंबकाची मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्स असतं. तो गरजेप्रमाणे स्वतःचा वेग बदलतो. पैसे थोडे जास्त जातात, तरी घ्यावा तो हाच. त्यावर ‘ईईआय’ हा ऊर्जा-कार्यक्षमतेचा आकडा लिहिलेला असतो. जितका लहान तितका पंप काटकसरी. युरोपात ऑगस्ट २०१५पासून ०.२३ ही त्याची कमाल मर्यादा आहे, तेव्हा त्याच्या आतला शोधावा.

या पंपांवर निरनिराळे मोड असतात आणि माणसं तिथे गोंधळतात. फरशीसाठी ‘स्थिर दाब’ निवडायचा. ठिबकचा एक व्हॉल्व्ह बंद केला की बाकीच्या ओळींतला दाब वाढतो, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. इथेही एका खोलीचा थर्मोस्टॅट बंद झाला की इतर वेटोळ्यांत जास्त पाणी घुसू पाहतं. स्थिर दाबाच्या मोडमध्ये पंप ते ओळखून वेग कमी करतो आणि बाकीच्यांना आधीइतकंच पाणी मिळत राहतं.

काकांच्या डोक्यात आणखी एक बेत होता. गच्चीवर सोलरची टाकी आहेच, तिचंच पाणी सरळ फरशीखाली फिरवू. बेत मोह पाडणारा आहे, पण त्यात दोन खोट आहेत. सोलरचं पाणी साठ अंशांच्या वर जातं. ते मिक्सिंग व्हॉल्व्हशिवाय, म्हणजे परतीचं कोमट पाणी त्यात मिसळल्याशिवाय, कोब्यात सोडलं तर फरशी तापते, कोब्याला तडे जाऊ शकतात. दुसरी खोट पंपाच्या जिवाची. आंघोळीला वापरल्या जाणाऱ्या टाकीत रोज ताजं पाणी येतं आणि त्याबरोबर ताजा प्राणवायू. फरशीचे नेहमीचे पंप बिडाचे असतात. बंद वाटेत तोच तो प्राणवायू एकदा संपला की गंज थांबतो. ताज्या पाण्यात तो थांबत नाही. बोअरचं पाणी असेल तर वर क्षारांचे थरही बसतात. सोलर वापरायचंच असेल तर मध्ये हीट एक्स्चेंजर, म्हणजे पाणी न मिसळता फक्त उष्णता पलीकडे देणारं साधन, घालून दोन्ही पाणी वेगळी ठेवावी, किंवा निदान पंप स्टेनलेस स्टीलचा किंवा ब्राँझचा घ्यावा. आजींच्या सोयीसाठी काकांनी शेवटी हीट पंप घेतला. पाणी ४० अंशांपर्यंतच तापवायचं असल्याने तो एका युनिट विजेत तीन-चार युनिटांइतकी उष्णता देतो. ढगाळ दिवसाचीही काळजी नाही.

बसवताना तीन-चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. या पंपाची फिरती मोटर पाण्यातच बुडालेली असते आणि पाणीच तिच्या बेअरिंगचं वंगण असतं. म्हणून शाफ्ट नेहमी आडवा हवा. उभा ठेवला तर वरच्या टोकाला हवा साचते आणि बेअरिंग कोरडं पडतं. पाणी भरून हवा काढल्याशिवाय पंप क्षणभरही सुरू करू नये. एक्सपान्शन टँक, म्हणजे तापून फुगलेलं पाणी सामावून घेणारा बंद डबा, पंपाच्या ओढीच्या बाजूला जोडलेला असावा. आणि परतीच्या वाटेवर चुंबकाची गाळणी बसवावी. पाण्यात लोखंडाचा काळा गाळ असतो आणि चुंबकाच्या मोटरला तो नेमका चिकटतो. उंची हिशोबात येते ती फक्त पाणी भरताना: एकमजली घराला थंड पाण्याचा दाब १ ते १.५ बार पुरतो, वरच्या प्रत्येक मजल्याला साधारण ०.३ बार वाढवायचा. वीज कमी-जास्त होत असेल तर सर्ज प्रोटेक्टर लावाच. मळ्यात शेजारी दहा एचपीची मोटर सुरू-बंद होत असते, आणि या पंपाचं नाजूक अंग त्याचं इलेक्ट्रॉनिक्सच आहे.

हे सगळं प्रत्येकाने करावं, असं मी म्हणत नाही. आपली थंडी दोन-अडीच महिन्यांची. अख्ख्या बंगल्याला हा खर्च मला पटत नाही. म्हातारं माणूस आहे, लहान बाळ आहे, अशा एक-दोन खोल्यांना तो पटतो. व्हिट्रिफाइड टाइल, कोटा किंवा शहाबादी फरशी असेल तर उत्तमच. लाकडी फरशीतून उष्णता इतकी सहज वर येत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काकांकडे पंप बसला. खोक्यातून काढला तेव्हा ते त्याच्याकडे बघतच राहिले. दोन्ही हातांच्या ओंजळीत मावला. सुरू केल्यावर आवाज ऐकायला कान लावावा लागला. पडद्यावर आकडा आला ११ वॅट. मॅनिफोल्डवर पाच काचेच्या नळ्या, प्रत्येकीत एक लाल खूण. आजींच्या खोलीचं वेटोळं ६५ मीटरचंच होतं, त्यामुळे त्यातली खूण बाकीच्यांपेक्षा खाली गेलेली; जवळची वाट म्हणून पाणी तिकडेच जास्त पळत होतं. तो व्हॉल्व्ह थोडा आवळला, बाकीच्या चार खुणा हळूहळू खाली सरकल्या आणि मिनिटाला पावणेदोन लिटरच्या आसपास थांबल्या. कोबा तापायला वेळ लागतो. संध्याकाळी सुरू केलेलं पहाटे कळलं. आजी चप्पल न घालता देवघरापर्यंत गेल्या.

निघताना मी एकच गोष्ट पुन्हा सांगितली. फेब्रुवारीनंतर पंप आठ-नऊ महिने बंद राहणार. तेवढ्यात गाळ बसून त्याचा शाफ्ट अडकतो आणि पुढच्या थंडीत तो फिरतच नाही. काही पंप आपोआप थोडा वेळ फिरून घेतात, पण त्यासाठी त्यांची वीज चालू ठेवावी लागते. ते जमणार नसेल तर महिन्यातून एकदा पाच मिनिटं हाताने चालवायचा. तारीख लक्षात कशी ठेवायची, यावर काका विचार करत होते. आजी आतून म्हणाल्या, “संकष्टीला चालवत जा रे. माझा उपास असतो, मी आठवण करीन.”